रेवस, रेवस, रेवस

एप्रिलच्या एका शनिवारी प्रसादने गाडीमागे ट्रेलर जोडून बोट घरी आणली, आणि अण्णा पायात चपला न घालताच बाहेर आले. एकोणीस फुटी, फायबरची, पांढरी बोट. मागे ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन. आधीच्या मालकाने बरीच वर्षं वापरलेली. अण्णांनी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली, नाळेवर मूठ आपटून आवाज ऐकला, तळाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली आहे. नारळ आणलास ना?"

नारळ आणलेला होता. तो फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि बोटीचं नावही त्याच दिवशी ठरलं: रेवस.

हे घर होतं कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकुव्हर बेटावरच्या नानायमो नावाच्या बंदराच्या गावात. अण्णा मूळचे अलिबाग तालुक्यातल्या रेवसचे. भाऊचा धक्का ते रेवस या फेरीच्या लाँचवर ते आधी खलाशी आणि पुढे सारंग होते. चाळीस वर्षं तेवढंच पाणी त्यांनी कापलं. बायको गेल्यावर मुलाने आग्रहाने बोलावून घेतलं. नानायमोच्या घरातून समुद्र दिसायचा, पण त्यावर पाय ठेवायला काही नव्हतं. ते आता आलं.

"कार्ड काढलंस?" अण्णांनी विचारलं.

"कधीच," प्रसाद म्हणाला. "दोन संध्याकाळी उरकलं."

मोटर लावलेली सहलीची बोट चालवायची तर चालवणाऱ्याकडे कार्ड हवं, असा तिथला कायदा आहे. तो टप्प्याटप्प्याने आला आणि १५ सप्टेंबर २००९ पासून सगळ्यांना लागू झाला. कार्डाशिवाय सापडलं तर अडीचशे डॉलर दंड. बोटीचा नंबर ही आणखी वेगळी गोष्ट. दहा किंवा त्याहून जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन असेल तर तो नाळेच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहावा लागतो. चालवणाऱ्याची परीक्षा संगणकावर घरबसल्या देता येते. पन्नास प्रश्न, पंचाहत्तर टक्के मिळाले की उत्तीर्ण. कार्ड जन्मभर चालतं. प्रसाद हुशार माणूस. त्याने एका खिडकीत प्रश्न उघडले, दुसऱ्या खिडकीत धडे, आणि उत्तरं शोधून शोधून भरली. गुण नव्वदच्या वर.

"मग माझंही काढ," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला काय गरज आहे, अण्णा? तुमचा जन्म पाण्यात गेला."

"सुकाणू एकदा तरी माझ्या हातात देशील ना? ज्याच्या हातात सुकाणू, त्याचा दाखला."

आपल्याकडे दाखला हा शब्दच असा आहे की तो कोणाला तरी दाखवण्यासाठी असतो असं वाटतं. साहेबाने मागितला की पुढे करायचा, मग पुन्हा पाकिटात. अण्णांच्या डोक्यात तो अर्थ नव्हता. सारंगाचा दाखला त्यांना तिशी उलटल्यावर मिळाला होता. तो मिळेपर्यंत त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली दोर ओढले होते, आणि दाखला हाती आला त्या दिवशी, ते सांगायचे, सुकाणू जास्त जड लागलं.

तेव्हा तेरा वर्षांची नात सई त्यांची शिक्षिका झाली. तिलाही कार्ड हवंच होतं. तिच्या वयाला मोठ्या माणसाशिवाय चाळीस हॉर्सपॉवरच्या पुढची बोट चालवता येत नाही, पण परीक्षा देता येते. रात्रीची जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं बसायची. ती इंग्रजी धडा वाचून मराठीत सांगायची आणि ते त्यावर समुद्र सांगायचे. भरती-ओहोटीच्या धड्याला अण्णा हसले. उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना पंचांगाशिवाय कळायचं. चंद्र तोच होता.

पाणी मात्र ते नव्हतं.

सईने थंड पाण्याचा धडा वाचला. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासातून आलेला हिशेब तिथे अनेकांना पाठ असतो: एक, दहा, एक. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, नुसती धाप लागते. त्या मिनिटात तोंड पाण्याखाली गेलं तर संपलं. मग दहा मिनिटं हातपाय ऐकतात. त्यानंतर बोटं वळत नाहीत, दोर धरवत नाही, पट्टा लावता येत नाही. आणि शुद्ध जायला साधारण एक तास.

"म्हणजे लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवून उपयोग नाही," अण्णा म्हणाले. "पडल्यावर घालता येणार नाही."

"हेच उत्तर आहे, आजोबा. पर्याय क."

अरबी समुद्रात पडलेला माणूस फळकुटाला धरून तासन् तास तरंगू शकतो. अण्णांनी तशी माणसं पाहिली होती. इथे पोहता येण्याचा अभिमान दहा मिनिटांचा. त्या रात्री त्यांनी तीनही जॅकेटं आणायला लावली, प्रत्येकाच्या अंगावर चढवून पट्टे बेतून घेतले, आणि सगळ्यांना ती अंगात ठेवूनच अर्धा तास टेबलाशी बसवून ठेवलं.

परीक्षेत अण्णा नापास झाले.

हे घरात कोणाला खरं वाटेना. प्रसादने उत्तरं तपासली, तेव्हा चूक कुठे झाली ते दिसलं. बोयांचे जवळजवळ सगळे प्रश्न चुकले होते. बंदरात शिरताना लाल बोया कोणत्या हाताला? अण्णांनी डावा लिहिला होता, न वाचता, न थांबता. मुंबई बंदरात लाल डावीकडेच असतो. भारतात, युरोपात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियातही तसाच. पण उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स इथे नेमकं उलट आहे. बोयांचे हे दोन पंथ एक होईनात, म्हणून १९८० मध्ये जगाचे दोन भाग करून दोन्ही मान्य केले गेले. चाळीस वर्षांच्या अनुभवी सारंगाला नानायमोच्या बंदरात अनुभवावर सोडलं असतं तर त्याने बोट विश्वासाने खडकावर नेली असती. नवख्या माणसाने निदान थांबून विचार केला असता.

अण्णांना हे लागलं. दोन दिवस ते फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी देवाची पूजा करताना कुंकू लावायला हात पुढे केला आणि तसाच हवेत थांबला. त्यांनी सईला हाक मारली.

"घरी येताना उजव्या हाताला कुंकू. लक्षात राहील?"

"राहील, आजोबा."

"तुझ्या नाही गं, माझ्या लक्षात राहायला हवं."

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. सईचंही झालं. घरात आता तीन कार्डं झाली, आणि प्रसादला वाटलं आता पाण्यात उतरायचं. अण्णांनी बोटीतल्या रेडिओकडे बोट दाखवलं.

आधीच्या मालकाने बसवलेला तो व्हीएचएफ रेडिओ चांगला होता. पण रेडिओ वापरायचा तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. बोट चालवायच्या कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही. प्रसादला ही दुसरी परीक्षा मान्य नव्हती. एवढ्या छोट्या बोटीत रेडिओ ठेवलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, मग तो काढून ठेवू. खिशात फोन आहे. फोनवरून तटरक्षक दलाला लावता येतो, त्याचा नंबरही पाठ आहे. वर्ग, शुल्क, तोंडी परीक्षा, कशाला?

"फोनवर किती जणांना ऐकू येतं?" अण्णांनी विचारलं.

"ज्याला लावला त्याला."

"आणि जवळ जी बोट असेल, तिला?"

प्रसाद गप्प झाला. मग अण्णांनी ती गोष्ट सांगितली. प्रसादने ती लहानपणी अर्धीमुर्धी ऐकली होती, सईने कधीच नाही.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावस्येचे दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी निघालेली माणसं, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या कडेवर मूल. पाऊस आणि वारा होता. काशाच्या खडकाच्या आसपास एका मोठ्या लाटेने बोट कलंडली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि थोड्याच वेळात ती पाण्याखाली गेली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. त्यांत अण्णांचे वडील होते. अण्णा तेव्हा आईच्या पोटात होते.

"आई सांगायची," अण्णा म्हणाले, "रेवसहून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या आपल्या माणसांच्या होड्या वाटेत होत्या. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि माणसं ओढून घेतली. जेवढ्या होड्या होत्या तेवढी माणसं वाचली. पण मुंबईला काही पत्ताच नव्हता. धक्क्यापासून एवढ्याशा अंतरावर माणसं हात वर करत होती आणि धक्क्यावर नेहमीसारखे हमाल ओझी उचलत होते. बोटीवर वायरलेस नव्हता. कोणी पोहत किनाऱ्याला लागलं तेव्हा बातमी कळली. तोवर दिवस कलला होता."

सईने विचारलं, "मग तुमचे बाबा पोहू शकत नव्हते का?"

"माझ्या बापासारखा पोहणारा गावात नव्हता."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि सई यांची नावं रेडिओच्या वर्गात गेली. प्रसादने शुल्क भरलं, स्वतःचं नाव घातलं नाही. त्याला कामाचा ताण होता, आणि घरात दोघांना येत असलं की पुरे, असं त्याचं म्हणणं होतं.

वर्ग गावातल्या एका सभागृहात संध्याकाळी भरायचा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. पहिल्या तासाला त्यांनी सांगितलं की संकटात 'मेडे' असं तीनदा म्हणायचं, आणि हा शब्द 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर घडवला गेला. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो जगभराच्या रेडिओसाठी मान्य झाला.

सईने अण्णांच्या कानात अर्थ सांगितला. अण्णांनी वहीत १९२७ लिहिलं आणि खाली १९४७ लिहून वजाबाकी केली. वीस. संकटात कोणती हाक मारायची हे जगाने ठरवून वीस वर्षं झाली होती, आणि रामदासवर ती हाक मारायला यंत्र नव्हतं. तो आकडा त्यांनी दोनदा अधोरेखित केला. सईने ती वही मला नंतर दाखवली. पेन कागदातून आरपार गेलं आहे.

बाईंनी अण्णांकडून बटणाची सवय करून घेतली. या रेडिओवर एका वेळी एकच बाजू बोलते. बटण दाबलं की आपण बोलतो आणि आपल्याला काहीही ऐकू येत नाही. सोडलं की दुसऱ्याचं ऐकू येतं. घाबरलेल्या माणसाचा अंगठा बटणावर गोठतो, आणि मग तो ओरडत राहतो, मदत करायला तयार असलेला माणूस उत्तर देत राहतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे तेवढा वेळ जवळपासच्या सगळ्यांची ती वाहिनी अडून बसते. ती वाहिनी सोळावी. १५६.८ मेगाहर्ट्झ. समुद्रावरची जहाजं तिच्यावर कान ठेवून असतात.

मग लाल बटण. ते झाकणाखाली असतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. झाकण उचलून काही सेकंद दाबून धरलं की रेडिओ माणसाच्या आवाजाशिवाय, सत्तराव्या वाहिनीवरून, बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि जागा पाठवतो. पण तो क्रमांक आधी सरकारकडून घेऊन रेडिओत भरलेला हवा, आणि जागा कळायला रेडिओला जीपीएसची तार जोडलेली हवी. कितीतरी बोटींवर हे लाल बटण नुसतं शोभेचं असतं, कारण मालकाने यातलं काही केलेलंच नसतं. प्रसादच्या बोटीवरही केलेलं नव्हतं. अण्णांनी घरी येऊन त्याच्या मागे लागून ते करून घेतलं. क्रमांक फुकट मिळाला. कॅनडाच्या बोटींचा असतो तसा तोही ३१६ पासून सुरू होत होता.

पण अण्णांना सगळ्यात जड गेलं ते बोलणं. इंग्रजीची भीती होतीच, पण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की उच्चार कसाही चालेल, क्रम चुकता कामा नये. आपण कोण. कुठे आहोत. काय झालं. काय हवं. किती माणसं. आणि इथेच अण्णा अडकायचे. बाई विचारायच्या, "तुमच्या बोटीला आग लागली आहे, बोला," आणि अण्णा आगीपासून सुरुवात करायचे. इंजिनातून धूर आला, मग वास आला, मग मुलाने झाकण उघडलं. बाई हात वर करून थांबवायच्या.

"तुमची बॅटरी आत्ता पाण्याखाली गेली," त्या म्हणायच्या. "रेडिओ मुका झाला. तुम्ही कुठे आहात हे मला अजून कळलेलं नाही."

परतताना अण्णा बसमध्ये विचार करत बसले. मग सईला म्हणाले, "आपण कोणालाही काही सांगताना गोष्ट आधी सांगतो आणि जागा शेवटी. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी ती पहाटेपासून सुरुवात करते. इथे उलटं. बोयांसारखं."

त्यानंतर दोन आठवडे त्या घरात भांडी पुसण्याचा कार्यक्रम मोठ्या आवाजात चालला. सई लाटणं पुढे करायची आणि म्हणायची, "बुडतोय!" अण्णा लाटण्यात बोलायचे. बोटीचं नाव तीनदा. मग सांकेतिक अक्षरं: रोमिओ, एको, व्हिक्टर, अल्फा, सिएरा. मग अक्षांश, रेखांश. मग काय झालं. मग किती जण. मग 'ओव्हर', आणि अंगठा वर. अंगठा वर गेला नाही तर सई लाटणं ओढून घ्यायची. सून एकदा म्हणाली, "अण्णा, पोळ्या कशाने लाटू?" तेव्हा त्यांनी टीव्हीचा रिमोट घेतला.

दोघांना प्रमाणपत्र मिळालं. तोंडी परीक्षेत अण्णांनी 'व्हिक्टर'चं 'विक्टर' केलं. बाईंनी खूण केली आणि गुण दिले.

उन्हाळा छान गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुखाचे दिवस एकमेकांसारखे असतात. खेकडे मिळाले, सील दिसले, सईने गॅब्रिओला बेटाभोवती स्वतः बोट फिरवली. बंदरात परतताना अण्णा दर वेळी उजव्या हाताने लाल बोयाला नमस्कार करायचे.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी ते तिघं दक्षिणेकडच्या बेटांवरून घरी निघाले. वाटेत डॉड नॅरोज नावाची चिंचोळी खिंड आहे. भरती-ओहोटीचं सगळं पाणी तिच्यातून एकदम जायला बघतं, तेव्हा प्रवाह ताशी आठ-नऊ सागरी मैलांच्या वेगाने धावतो. शहाणे लोक पाणी थांबतं ती घटका धरून पार होतात. लाकडाचे ओंडके बांधून ओढणारे टगही तिथे तासन् तास त्या घटकेची वाट बघत उभे असतात. अण्णांनी वेळ काढून ठेवली होती. खिंड अगदी अलगद पार झाली.

पुढे पाणी मोकळं आणि सपाट होतं. ऊन कललं होतं. प्रसादने वेग वाढवला.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "ऊन डोळ्यांवर आहे."

त्या किनाऱ्यावर ओंडक्यांचा मोठा व्यापार चालतो. बांधलेल्या ताफ्यातून एखादा ओंडका सुटतो, महिनोन् महिने पाणी पितो, एका टोकाला जड होतो आणि पाण्यात उभा राहतो. वर वीतभर टोक, कधी तेही नाही. तिकडे त्याला डेडहेड म्हणतात. तो रडारवर सहसा दिसत नाही, लाटेतही दिसत नाही.

आवाज एकच झाला. बोट उचलली गेली आणि आपटली. प्रसादची हनुवटी सुकाणूवर आदळून फाटली. सई बाकावरून खाली पडली. नाळेच्या जरा मागे, उजव्या बाजूला तळ चिरला होता आणि पाणी हिरवं होऊन आत येत होतं.

प्रसादने फोन काढला. हात रक्ताने ओले होते, फोन निसटून तळाच्या पाण्यात गेला. मग त्याने रेडिओचा माइक ओढला आणि बटण दाबून ओरडू लागला. हॅलो, हॅलो, आम्ही कशावर तरी आपटलो, बोटीत पाणी येतंय, मुलगी आहे बरोबर, कोणी ऐकतंय का, हॅलो, कोणी उत्तर का देत नाही. तो ओरडत होता आणि त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"अंगठा काढ," अण्णा म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही. अण्णांनी त्याचं मनगट धरलं, अंगठा एखाद्या मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तसा सोडवला, आणि माइक घेतला. सईने तोवर झाकण उचलून लाल बटण दाबून धरलं होतं. ती मोठ्याने आकडे मोजत होती. यंत्र किंचाळलं. अण्णांनी पडद्यावरचे आकडे पाहिले आणि बोलायला सुरुवात केली.

"मेडे, मेडे, मेडे. दिस इज रेवस, रेवस, रेवस." मग नऊ आकडी क्रमांक. मग पुन्हा एकदा मेडे, रेवस. ४९ अंश ०८ मिनिटं उत्तर, १२३ अंश ४९ मिनिटं पश्चिम. डॉड नॅरोजच्या उत्तरेला अर्धा मैल. ओंडक्यावर आपटलो, बोटीत पाणी शिरतंय. ताबडतोब मदत हवी. तीन माणसं, तिघांच्या अंगात लाइफ जॅकेट, एक जखमी. पांढरी बोट. ओव्हर.

अंगठा वर.

दोन श्वासांएवढी शांतता झाली. सई सांगते की तेवढ्या वेळात तिला फक्त पाण्याचा आवाज ऐकू आला. मग रेडिओ बोलला. रेवस, रेवस, मी व्हिक्टोरिया कोस्ट गार्ड रेडिओ. तुमचा मेडे मिळाला.

पण आधी पोचला तो कोस्ट गार्ड नव्हे. मैलभरावर खेकड्यांचे पिंजरे उचलणारा एक म्हातारा मच्छीमार होता. त्याच्या बोटीवर सोळावी वाहिनी चालू होती. त्याने पिंजरा अर्ध्यातून पाण्यात सोडून दिला आणि दहा मिनिटांच्या आत बाजूला येऊन लागला. तेव्हा रेवसमध्ये पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि प्रसादचे पाय त्याचे राहिले नव्हते. आधी सई, मग प्रसाद, मग अण्णा. थोड्या वेळाने नानायमोहून बचावदलाच्या स्वयंसेवकांची बोट आली. रेवस पोटातल्या फोममुळे पूर्ण बुडाली नाही, काठोकाठ भरून तरंगत राहिली आणि तशीच ओढून आणली गेली.

तो मच्छीमार किनाऱ्यावर प्रसादशी बोलला. "मला दोन आवाज आले," तो म्हणाला. "पहिला कोणीतरी ओरडत होता. मी इंजिन बंद करून इकडेतिकडे पाहिलं, पण समुद्र केवढा मोठा. दुसऱ्या आवाजाने सांगितलं कुठे. मग मी बोट वळवली."

प्रसादने विचारलं, "किती वेळ गेला मधे?"

"पहिला बोलत होता तेवढा सगळा."

हनुवटीला सात टाके पडले. घरी आल्यावर सून काही बोलली नाही, तिने सगळ्यांना चहा दिला आणि सईला रात्रभर आपल्याजवळ झोपवलं. प्रसाद स्वयंपाकघरात त्या टेबलाशी बसून राहिला. त्याच्या पाकिटातलं कार्ड पाण्यातून कोरडं आणि शाबूत परत आलं होतं. ते त्याने समोर ठेवलं होतं. अण्णा पाणी प्यायला उठले तेव्हा तो तसाच होता.

"मला नव्वदच्या वर गुण होते, अण्णा."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ दोघं बसले होते. शेवटी अण्णांनी पोळपाटाजवळचं लाटणं उचललं आणि मुलाच्या हातात दिलं.

"बुडतोयस," ते म्हणाले. "बोल."

त्या हिवाळ्यात प्रसाद त्याच सभागृहात, त्याच बाईंच्या वर्गाला जाऊन बसला. घरी त्याची तयारी सई घ्यायची. बोट चालवण्याचे सगळे धडेही त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचले, या वेळी दुसरी खिडकी न उघडता, जरी त्याचं कार्ड जन्मभर चालणार होतं आणि कोणी त्याला पुन्हा परीक्षा मागणार नव्हतं.

पुढच्या वसंतात बोट दुरुस्त होऊन आली. नारळ पुन्हा फुटला. रेडिओच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवला आहे. अक्षर अण्णांचं आहे, मोठं आणि सरळ: आपण कोण. कुठे. काय झालं. काय हवं. किती जण. अंगठा काढा. खाली सईने तेच इंग्रजीत लिहिलं आहे. बोटीवर जो कोणी चढतो, पाहुणा असो की मूल, त्याच्याकडून प्रसाद धक्का सोडण्याआधी तो कागद एकदा मोठ्याने वाचून घेतो, आणि मगच दोर सोडतो.